सहा फलाट, सतरा गाड्या: तोकाइदो शिनकानसेनचं प्रकरण

तोक्यो स्टेशनात तोकाइदो शिनकानसेनच्या, म्हणजे तोक्यो–ओसाका बुलेट ट्रेनच्या वाट्याला सहा फलाट आले आहेत, क्रमांक 14 ते 19. सातवा घालायला जागा नाही. एका अंगाला दुसऱ्या रेल्वे कंपनीचे फलाट चिकटलेले, दुसऱ्या अंगाला शहर. या सहा फलाटांवरून 14 मार्च 2020 पासून गर्दीच्या तासाला 17 गाड्या सोडता येतात: 12 नोझोमी (सगळ्यांत जलद), 2 हिकारी (मधल्या), 3 कोदामा (सगळीकडे थांबणाऱ्या). प्रत्येक गाडी 16 डब्यांची, सुमारे 400 मीटर लांब, आणि प्रत्येकीत आसनं मोजून 1,323. गुणाकार केला तर एका तासात, एका दिशेला, 22,491 आसनं होतात. 180 आसनांच्या विमानांनी हेच काम करायचं तर तासाला 125 विमानं उडवावी लागतील.

आपल्याकडे बुलेट ट्रेनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘स्पीड किती?’ हाच असतो. त्या परीक्षेत हा मार्ग आज मागच्या बाकावर बसेल. चीनमध्ये बीजिंग–शांघाय गाड्या 350 किमीने धावतात. जपानमध्येच उत्तरेकडच्या तोहोकू मार्गावर 320 आहे. फ्रान्सच्या टीजीव्हीने 3 एप्रिल 2007 ला चाचणीत 574.8 गाठले होते. तोकाइदोची कमाल मर्यादा 285. पण माणसं किती नेली असं विचारलं की हाच मार्ग पहिल्या रांगेत येतो. कोविडच्या आधी वर्षाला सुमारे 17 कोटी प्रवासी, म्हणजे रोजचे साडेचार लाखांहून जास्त. 515 किलोमीटरची, एक जाणारी आणि एक येणारी अशी दोन रुळांची वाट, आणि तीही 1964 सालची. सुरुवातीला तासाला एक हिकारी आणि एक कोदामा सुटे. वाट तीच ठेवून दोनाच्या सतरा कशा झाल्या, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

वाट कशी पडली

जपानची जुनी रेल्वे 1,067 मिलिमीटर रुंदीची, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा थोडीशीच मोठी. तोक्यो ते ओसाका हा तोकाइदो पट्टा देशाच्या रेल्वेजाळ्याच्या जेमतेम 3 टक्के लांबीचा होता, पण एकूण वाहतुकीचा सुमारे पाव हिस्सा त्याच्या अंगावर होता. 1956 मध्ये त्याचं विद्युतीकरण पुरं झालं. 1958 मध्ये या जुन्या रुळांवर कोदामा नावाची जलद गाडी आली आणि तोक्यो–ओसाका साडेसहा-सात तासांवर आलं. तरी गर्दी मावेना.

तेव्हा रेल्वेचे अध्यक्ष होते शिंजी सोगो. 1955 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी हे पद घेतलं. मुख्य अभियंता म्हणून त्यांनी हिदेओ शिमांना परत बोलावलं. शिमांचे वडील यासुजिरो हेही रेल्वे अभियंता, आणि रुंद मार्गासाठी ते आयुष्यभर भांडले होते. युद्धाच्या आधी 1940 च्या सुमारास ‘गोळीगाडी’ची एक योजना मंजूरही झाली होती. जागा घेतल्या गेल्या, निहोनझाका बोगदा खणून झाला आणि मग युद्धाने सगळं थांबवलं. पुढे शिनकानसेन त्याच बोगद्यातून गेली. म्हणजे ‘बुलेट ट्रेन’ हे नाव गाडीपेक्षा जुनं आहे.

मे 1957 मध्ये रेल्वेच्या संशोधन संस्थेने तोक्योतल्या गिंझा भागात एक जाहीर व्याख्यान ठेवलं. तोक्यो–ओसाका तीन तासांत शक्य आहे, असं त्यात ठासून सांगितलं गेलं. बोलणाऱ्यांपैकी तादानाओ मिकी युद्धकाळात नौदलाची विमानं घडवत होते. तादाशी मात्सुदाइरा विमानांची थरथर कमी करण्यातले जाणकार होते. युद्ध हरलेल्या देशात विमानं बनवायला बंदी झाली आणि ही माणसं रुळांकडे वळली. गाडीचं नाक, डब्यांचा तोल, यांतलं बरंच ज्ञान असं हवेतून जमिनीवर उतरलं.

पैशाची गोष्ट मात्र अभियंत्याची नाही, मुरलेल्या माणसाची आहे. खरा खर्च सांगितला तर संसद मंजुरी देणार नाही, हे सोगो ओळखून होते. आकडा मुद्दाम कमी दाखवला गेला आणि सुमारे 197 अब्ज येनला मंजुरी मिळाली. मग 1961 मध्ये जागतिक बँकेकडून 8 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. रक्कम एकूण खर्चाच्या मानाने लहान होती, पण आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली की सरकार बदललं तरी काम सोडता येत नाही. शेवटी खर्च 380 अब्जांवर गेला, जवळजवळ दुप्पट. सोगो आणि शिमा दोघेही 1963 मध्ये पदावरून गेले. 1 ऑक्टोबर 1964 ला, ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी पहिली हिकारी सुटली, तेव्हा फीत कापायला या दोघांपैकी कोणीच नव्हतं.

या घाईत आणि काटकसरीत एक गोष्ट कायमची ठरून गेली: वळणांची त्रिज्या कमीत कमी 2,500 मीटर. 210 किमीच्या गाडीला ती ऐसपैस होती. पुढच्या पिढीने ओसाकाहून पश्चिमेला जाणाऱ्या सान्यो मार्गासाठी 4,000 मीटर धरली. तोकाइदोच्या दोन्ही बाजूंना तोवर शहरं वाढली, आणि ती वळणं आता सरळ करता येत नाहीत.

वेग वाढवून गाड्या वाढतात का

आपल्या मनात वेग आणि संख्या एकाच बाजूला असतात. गाडी लवकर पोचली की लवकर रिकामी होते आणि लवकर परत येते, असं वाटतं. डब्यांच्या हिशेबात ते खरं आहे, रुळाच्या हिशेबात तसं नाही. वेग दुप्पट झाला तर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. 285 किमीने धावणारी गाडी सेकंदाला 79 मीटर कापते. मागची गाडी तीन मिनिटांवर असेल तर दोघींमध्ये 14 किलोमीटर रूळ मोकळा असतो, आणि तो लागतोच. वेग आणखी वाढवला तर मोकळी जागाही वाढवावी लागते. एका मर्यादेनंतर गाडी जितकी वेगवान, तितक्या तासाला गाड्या कमी.

त्याहून मोठी अडचण म्हणजे सगळ्या गाड्या सारख्या नसतात. कोकण रेल्वेने गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दिवा–सावंतवाडी एखाद्या छोट्या स्टेशनात उभी असते, खिडकीतून काजूची झाडं दिसत असतात, डब्यातला कोणीतरी म्हणतो, ‘क्रॉसिंग आहे.’ मग दहा-पंधरा मिनिटांनी एक मोठी गाडी धाडधाड निघून जाते. कोकणात बहुतेक एकेरी रूळ आहे, तोकाइदोला दोन आहेत. पण एकाच दिशेला जाणाऱ्या हळू आणि जलद गाड्यांचा गुंता तिथेही हाच. कोदामा म्हणजे प्रतिध्वनी. ही गाडी तोक्यो ते शिन-ओसाका सर्व 17 स्टेशनांवर थांबते. नोझोमी, म्हणजे आशा, फक्त मोठ्या सहा स्टेशनांवर. ओदावारा किंवा मिशिमाला कोदामा फलाटाला लागते आणि दारं उघडी ठेवून नुसती उभी राहते. चार-पाच मिनिटं जातात. मग बाजूच्या रुळावरून नोझोमी जाते, उभा डबा एकदा डावी-उजवीकडे डुलतो, आणि कपातला चहा हलून थांबायच्या आत ती दिसेनाशी झालेली असते. कधी एकीमागोमाग दोन जातात. म्हणूनच आजच्या कोदामाला शिन-ओसाका गाठायला जवळजवळ चार तास लागतात. 1964 मध्ये सगळ्यांत जलद हिकारीला तेवढेच लागत होते. सगळ्यांत जलद नोझोमी हेच अंतर आज 2 तास 21 मिनिटांत कापते.

तेव्हा रुळावर जागा करायची तर गाड्यांमधला फरक मारायला हवा. नुसती जलद गाडी आणखी जलद करून भागत नाही, हळू गाडीने वाट अडवण्याचा वेळ कमी झाला पाहिजे. 1992 पासून 2020 पर्यंत या मार्गावर जे झालं, ते मला तरी याच एका कामाचे तुकडे वाटतात.

एकसारखेपणाची किंमत

14 मार्च 1992 ला पहिली नोझोमी सुटली. 300 मालिकेची गाडी, 270 किमी वेग, अडीच तास. सकाळी 6 ला तोक्योहून निघून 8.30 ला शिन-ओसाकाला पोचायचं, म्हणजे ओसाकातली सकाळची बैठक गाठता येते आणि आदल्या रात्री विमानाने जाऊन हॉटेलात झोपावं लागत नाही. पण ही वेळ जमवायला त्या सकाळच्या गाडीने नागोया आणि क्योतो दोन्ही वगळले. नागोयाकरांना ते झोंबलं. ‘नागोया-तोबाशी’, म्हणजे नागोयाला उडी मारून जाणं, असा शब्दच रूढ झाला. पाच-सहा वर्षांत ते थांबे परत द्यावे लागले. हरकत पुण्याच्या माणसाने घेतली असती तशीच होती, पण पुढे वेळापत्रकाला तिचा फायदाच झाला. सगळ्या गाड्या नागोयाला थांबणार असतील तर तिथे प्रत्येक दिशेला दोन रूळ वापरता येतात. एक गाडी प्रवासी घेत असते आणि तीन मिनिटांनी दुसरी त्याच फलाटाच्या पलीकडच्या कडेला येऊन लागते.

ऑक्टोबर 2003 मध्ये दोन गोष्टी एकत्र झाल्या. शिनागावाला नवं स्टेशन उघडलं, आणि तोकाइदोवरची प्रत्येक गाडी 270 किमीची झाली. त्यासाठी 100 मालिका काढून टाकावी लागली. या गाडीला दोन मजली डबे होते आणि वरच्या मजल्यावर जेवणाचा डबा. ते दोन मजली डबे गेल्याचं अनेकांना वाईट वाटलं. पण ती 220 किमीची गाडी मध्ये असेपर्यंत मागच्या सगळ्यांना तिच्या तालावर चालावं लागे. ती गेल्यावर नोझोमी तासाला 7 पर्यंत गेली.

यातली सगळ्यांत बोलकी गोष्ट 500 मालिकेची. 1997 मध्ये सान्यो मार्गावर 300 किमीने धावलेली ही जपानमधली पहिली प्रवासी गाडी. नाक 15 मीटर लांब. बोगद्याच्या तोंडाशी होणारा धमाका कमी करण्यासाठी ते खंड्या पक्ष्याच्या चोचीवरून सुचलं होतं. आजही जपानी मुलांच्या वह्यांवर हीच गाडी दिसते. पण लांब नाकापायी पहिल्या आणि शेवटच्या डब्याला चालकाच्या बाजूचं दार नव्हतं. डब्याडब्यातली आसनसंख्याही इतर गाड्यांशी जुळत नव्हती. एखादी गाडी ऐनवेळी बिघडून तिच्या जागी 500 आणली, तर काही प्रवाशांच्या तिकिटावरचं आसन गाडीत नसायचं. दार कमी म्हणून चढ-उतारही रेंगाळायची. तोकाइदोवर तर वळणांमुळे ती 270 च्या वर जाऊच शकत नव्हती. देशातली सगळ्यांत वेगवान गाडी एका दारापायी आणि आसनांच्या मांडणीपायी अडचणीची ठरली. फेब्रुवारी 2010 मध्ये तिला नोझोमीवरून उतरवलं, आणि 8 डब्यांची करून सान्योवर कोदामा म्हणून चालवली. मला स्वतःला ती गाडी फार आवडते. पण वेळापत्रक करणाऱ्याच्या खुर्चीत बसलो असतो तर मीही तेच केलं असतं.

तिची जागा घेणारी एन700 दिसायला तितकी देखणी नाही. बदकाच्या चोचीसारखं चपटं नाक. तिची करामत अंगात आहे. हवेच्या स्प्रिंगांनी ती वळणावर डब्याला फक्त एक अंश आत झुकवते. तेवढ्याने 2,500 मीटरच्या वळणावर 270 कायम ठेवता येतात, जिथे 700 मालिकेला 255 वर यावं लागे. वेग कमी करून पुन्हा वाढवण्यातला वेळ आणि वीज दोन्ही वाचतं. दुसरं म्हणजे पळ घेण्याची ताकद. 300 मालिकेला उभ्यापासून 270 गाठायला पाच मिनिटं लागत, एन700 ला तीन. हे बक्षीस नोझोमीपेक्षा कोदामाला जास्त मिळालं. दर स्टेशनावर थांबणारी गाडी जितक्या लवकर वेग पकडेल तितकी मागचीला कमी अडवेल. 2015 मध्ये कमाल मर्यादा 285 झाली. तेव्हा तोक्यो–ओसाकात वाचली फक्त तीन मिनिटं. तीन मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण या मार्गावर तीन मिनिटं म्हणजे एका गाडीची जागा.

दोन मिनिटं

आता पुन्हा त्या सहा फलाटांकडे. तासाला 17 गाड्या, सहा फलाट. तासाची एकूण 360 फलाट-मिनिटं 17 ने भागली तर एका गाडीला 21 मिनिटं मिळतात. त्यातून गाडी येताना आणि जाताना सांधे, म्हणजे रूळ बदलायच्या जागा, अडतात तो वेळ वजा. स्टेशनाच्या तोंडाशी येणारी गाडी पलीकडच्या फलाटावर जाताना सुटणाऱ्या गाडीची वाट कापते, आणि त्या क्षणी दुसरं काही हलू शकत नाही. चर्चगेटचे चार फलाट पाहिलेल्या माणसाला ही कसरत ओळखीची आहे. फरक इतकाच की चर्चगेटला लोकल लागता लागता माणसं आत उड्या मारतात आणि दोन-चार मिनिटांत तीच गाडी उलटी निघते. शिनकानसेनमध्ये अडीच तास बसून आलेले तेराशे लोक सामानासकट उतरतात. मग गाडी झाडायची, आसनं फिरवायची, आणि तेराशे नवीन लोक बसवायचे.

इथे एक खुलासा. ‘सात मिनिटांत बुलेट ट्रेन चकाचक’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात, ते शेजारच्या 20 ते 23 फलाटांवरचे, तोहोकूकडे जाणाऱ्या गाड्यांचे. ती कंपनीही वेगळी. तोकाइदोची गाडी 16 डब्यांची, आणि तिच्या सफाईला 12 मिनिटं ठरलेली होती. 2020 च्या वेळापत्रकासाठी ती 10 वर आणली गेली.

दोन मिनिटं कुठून काढायची? गाडी येण्याआधीच सफाईची माणसं प्रत्येक डब्याच्या दाराच्या जागी उभी असतात. उतरणाऱ्यांना वाकून नमस्कार करतात, आणि उघड्या पिशवीत प्रवासी आपला कचरा टाकून जातात. शेवटचा माणूस उतरला की आत. एकजण आसनांच्या रांगा पुढच्या दिशेला फिरवत जातो. आसनांवरची डोकी टेकायची कापडं तपासली जातात, मळलेलं बदलतात. समोरचे ट्रे पुसतात. जमिनीवरचा कचरा वाटेत ओढून झाडतात. यात सगळ्यांत वेळखाऊ काम होतं ते ओलं आसन शोधण्याचं. कोणाच्या हातून पाणी सांडलेलं असतं, कुठे मूल झोपलेलं असतं. गडद कापडावर ओल डोळ्यांना दिसत नाही. हाताने प्रत्येक आसन चाचपायचं तर 1,323 वेळा वाकायचं. म्हणून झाडूलाच ओल ओळखणारा सेन्सर बसवला. आसनावरून झाडू फिरवायचा, ओल असली की तो इशारा देतो. वाकणं गेलं, चाचपणं गेलं. शिनकानसेन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर लांब नाकं येतात. ताशी एक-दोन गाड्या वाढवण्यात त्या झाडूचा वाटा मात्र नाकाहून कमी नाही. हिशेब करून पाहा: 17 गाड्यांची प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे तासाला 34 फलाट-मिनिटं मोकळी. एका गाडीला लागतात 21.

शिनागावाची कथाही याच जातीची. रिकाम्या गाड्या ओइ इथल्या कारशेडमध्ये नेतात, आणि तोक्यो ते शिनागावा हा टापू भरलेल्या आणि रिकाम्या गाड्यांना एकत्र वापरावा लागतो. म्हणजे प्रवासी नसलेली गाडीही प्रवासी गाडीची जागा खाते. शिनागावाला चार फलाट झाल्यावर काही गाड्या तिथूनच सोडता आल्या. दुसऱ्या टोकाला शिन-ओसाकातही 2013 मध्ये एक फलाट वाढवला. मार्च 2020 आधी 700 मालिकेची शेवटची गाडीही निवृत्त झाली. मग मार्गावर राहिल्या त्या सगळ्या एकाच जातीच्या गाड्या, सारखाच पळ, सारखीच दारं, सारखीच 1,323 आसनं. कुठलीही गाडी कुठल्याही गाडीच्या जागी उभी करता येते. 2014 मध्ये तासाला 10 असलेली नोझोमी 12 झाली.

त्यानंतर

दैवाने मात्र वेळ नीट साधली. 700 मालिकेची 8 मार्चची निरोपाची फेरी गर्दी नको म्हणून रद्द झाली. 14 मार्चला नवं वेळापत्रक लागू झालं. 24 मार्चला ज्या ऑलिंपिकसाठी हे सगळं जुळवलं होतं ते पुढे ढकललं गेलं. एप्रिलअखेर सुरू होणाऱ्या गोल्डन वीकच्या सुट्टीत प्रवासी आदल्या वर्षीच्या दहाव्या हिश्शाच्याही खाली होते. जपानमधली सगळ्यांत काटेकोर यंत्रणा रिकाम्या आसनांची ने-आण करत होती. गर्दी परतायला काही वर्षं गेली. परतली ती इतकी, की 2023 च्या वर्षअखेरीपासून सणासुदीच्या दिवसांत नोझोमीत आरक्षणाशिवाय एकही डबा ठेवला जात नाही.

साठ वर्षांत इथे टक्कर होऊन किंवा गाडी घसरून एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही. चांगल्या वर्षी गाडीमागे सरासरी उशीर मिनिटाच्याही आत असतो, आणि त्यात वादळं आणि भूकंप धरलेले असतात. हे कौतुक खरंच आहे. पण त्याची दुसरी बाजू सोसणारेही आहेत. नागोयात रुळाकाठी राहणारे 575 लोक 1974 मध्ये आवाज आणि हादऱ्यांविरुद्ध कोर्टात गेले. गाड्या हळू चालवा आणि भरपाई द्या, असं त्यांचं मागणं होतं. कोर्टाने भरपाई दिली, गाड्या हळू करायला मात्र नकार दिला. तडजोड व्हायला 1986 उजाडलं. दरम्यान 1975 मध्ये सरकारने वस्तीसाठी 70 डेसिबलची मर्यादा घालून दिली, आणि तेव्हापासून वेग वाढवणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला आधी आवाजाशी झटावं लागतं.

आणि सगळं एकाच वाटेवर लादलं की ती वाट अडल्यावर काय होतं, हे 22 जुलै 2024 ला दिसलं. पहाटे तोयोहाशी आणि मिकावा-आंजो यांच्या मध्ये देखभालीची दोन वाहनं एकमेकांवर आदळून घसरली. मागच्या वाहनाचा ब्रेक उतारावर पुरेसा लागला नव्हता. प्रवासी गाडीचा काही संबंध नाही, तरी हामामात्सु ते नागोया टापू दिवसभर बंद राहिला. सुमारे अडीच लाख लोकांचा प्रवास विस्कटला. मध्यरात्र ते सकाळी सहा एवढाच वेळ रूळ दुरुस्तीला मिळतो. दिवसा इतक्या गाड्या चालवायच्या तर सगळा भार त्या सहा तासांवर येतो.

हा मार्ग चालवणाऱ्या कंपनीचं यावरचं उत्तर म्हणजे चुंबकावर तरंगणारी नवी वाट, शिनागावा ते नागोया 286 किलोमीटर, 40 मिनिटांत. 2015 मध्ये चाचणीत तिने 603 किमी गाठले. बहुतेक मार्ग बोगद्यांतून जातो. ओइ नदीच्या पाण्यावर परिणाम होईल म्हणून शिझुओका प्रांताने अनेक वर्षं काम अडवून धरलं, आणि मार्च 2024 मध्ये कंपनीने 2027 चं वचन मागे घेतलं. तोवर भार या जुन्या वाटेवरच आहे.

बीकेसीचे सहा फलाट

मुंबई–अहमदाबाद मार्गाची पायाभरणी 14 सप्टेंबर 2017 ला झाली. मार्ग 508 किलोमीटरचा, म्हणजे लांबी जवळजवळ तोकाइदोइतकीच. स्टेशनं 12, त्यांतली चार महाराष्ट्रात: वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. वेग 320. आपल्याकडची चर्चा तिकिटाचा दर, जमीन आणि तो 320 चा आकडा, एवढ्यांतच फिरते. आखणीनुसार सुरुवातीला दिवसाला एका दिशेने 35 गाड्या, गर्दीच्या वेळी दर 20 मिनिटांना एक. 20 मिनिटांना एक ऐकून लोकलवाला हसेल. पण तोकाइदोनेही 1964 मध्ये दोन्ही दिशा मिळून दिवसाला 60 गाड्यांनीच सुरुवात केली होती, म्हणजे एका दिशेने 30.

मला जास्त कुतूहल बीकेसीच्या भुयारी स्टेशनाचं आहे. तिथेही फलाट सहाच, 16 डब्यांची गाडी मावेल इतके लांब. वर शहर उभं आहे, त्यामुळे सातवा तिथेही निघणार नाही. महाराष्ट्रातलं कारशेड ठाण्याच्या बाजूला. बीकेसी ते शिळफाटा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातले 7 किलोमीटर ठाणे खाडीखालून, आणि एकाच नळीत जायचा-यायचा असे दोन रूळ. सकाळी कारशेडमधून निघालेली रिकामी गाडी बीकेसीला याच नळीतून येणार, आणि रात्री याच नळीतून परत जाणार. दर 20 मिनिटांना एक गाडी असेपर्यंत तिचा कोणालाच अडथळा नाही. तोक्यो ते शिनागावा या टापूतही 1964 साली रिकाम्या गाडीचा कोणाला अडथळा नव्हता. तिथे पुढे मधे एक स्टेशन बांधायला जमीन मिळाली. बीकेसी आणि शिळफाट्याच्या मधे खाडी आहे.